खिडकीपाशची खुर्ची

"परत एकदा. त्या दुपारी काय झालं?" मुग्धाने विचारलं.

सुजीतने तिने लिहून दिलेलं कार्ड डोळ्यांजवळ धरलं. "माझी बायको विभा भिशीला गेली होती. मी तिच्या खुर्चीत बसलो, खिडकीपाशी. शब्दकोडं सोडवत होतो. मग एकदम तो..."

शब्द सापडेना. रुवैसच्या तेलशुद्धीकरण प्लँटवरच्या शेकडो व्हॉल्व्हचे नंबर ज्याला तोंडपाठ असायचे, तो माणूस एका शब्दासाठी चाचपडत राहिला.

"आवाज, बाबा."

"हां. आवाज. कुकरची शिट्टी सुरू व्हावी आणि थांबूच नये, तसा. डाव्या कानात."

त्याला आता तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून सुजीत दुबईत अल बर्शातल्या त्या फ्लॅटमध्ये भिंत धरून चालायचा. डॉक्टर झाले, एमआरआय झाले, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मात्र पहिल्याच आठवड्यात दिल्लीहून दोन सभ्य गृहस्थ घरी येऊन गेले होते. स्वयंपाकघराचं दार लावून ते आईशी तासभर बोलत बसले. जाताना एकजण मुग्धाला म्हणाला, "बेटा, या घराने देशासाठी फार केलंय. पण बाहेर काही बोलायचं नाही."

तेव्हा मुग्धाच्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा रुवैसला आठ-आठ दिवस राहायचे, फोन लागायचा नाही, आणि विचारलं की हसायचे. आताही विचारलं तर तेच.

"अगं, मी पाइप जोडणारा माणूस. हेर कसला?"

तो असंच म्हणणार, हे तिने गृहीतच धरलं होतं.

असाच आवाज आणखी दहा देशांत भारताच्या दहा हेरांनी ऐकला होता. बोभाटा झाला, तेव्हा दिल्लीला जाग आली. गुप्तचर खात्याने आपल्या आजारी माणसांचं नेमकं काय केलं, हे पाहायला खासदारांची समिती बसली. समिती बसली की बराच काळ बसूनच राहते, तशी हीही राहिली. मुग्धाने एक्केचाळीस ईमेल पाठवल्या, तेव्हा कुठे उत्तर आलं. 'आपल्या घरातील अधिकाऱ्याने सुनावणीस हजर राहावे, सोबत कुटुंबीय चालतील.' नाव कुणाचंच नव्हतं. असल्या खात्याच्या पत्रात नाव नसतंच.

खाली नियम होते. त्रास खात्याच्या माणसाला झाला असेल तरच नोंद होणार, आणि नोंद झाली तरच दिल्लीतल्या खास वॉर्डात उपचार मिळणार. कुटुंबीयांच्या तक्रारी समितीच्या कक्षेबाहेर. ही शेवटची ओळ मुग्धाने भरभर वाचून सोडून दिली.

आईची मात्र काडीची मदत नव्हती. विभावरीचं जग निराळं होतं. रविवारी मंडळात मुलांना मराठी शिकवायची, मग हळदीकुंकू, मग भिशी. अर्ध्या दुबईतल्या बायका तिच्या ओळखीच्या. अरबी तर अशी फाडफाड बोलायची की ऐकणारा चाट पडे. "भाजीवाल्याने शिकवलं," म्हणायची. फोटो काढायची वेळ आली की पुढे होऊन म्हणायची, "फोन इकडे द्या, मी काढते." घरातल्या एकाही अल्बममध्ये ती नव्हती.

बाबा आजारी पडल्यावर तिने एवढंच केलं, खिडकीपाशची आपली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. नंतर कधी तिच्यात बसली नाही.

"नको जाऊ या, मुग्धा," सुनावणीच्या सकाळी ती भेंडी चिरता चिरता म्हणाली. "तिथे हाती काही लागणार नाही."

"हाऊ डू यू नो?"

आईने पुढची भेंडी उचलली.

"आई, तुला बाबाचं काहीच वाटत नाही. सिरियसली. तू एक मेलसुद्धा लिहिली नाहीस."

विभावरीची सुरी क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू लागली. सुजीत भिंतीला धरून उभा होता. "यल्ला, निघू या," तो म्हणाला. "पोरीच्या मनाचं समाधान होऊ दे."

जुमेरा लेक टॉवर्समधली ती मीटिंग रूम लहानशी होती. समितीचा माणूस, अन्वर, दिल्लीहून व्हिडिओ कॉलसाठी स्वतःचं मशीन आणि एक सीलबंद पाकीट घेऊन आला होता. पडद्यावर पाच खासदार दिसत होते. त्यातले एक चहात बिस्कीट बुडवत होते.

"अकरावं प्रकरण," अध्यक्ष म्हणाले. "आधीच्या दहांत आम्हाला मानसिक ताणापलीकडे काही आढळलं नाही. बघू या. अधिकाऱ्याचा सेवा क्रमांक?"

हे कार्डावर नव्हतं. सुजीतने माइककडे पाहिलं, मग विभावरीकडे.

"आठव, बाबा. टेक युअर टाइम."

"नंबर..." त्याने मान हलवली. "मला नंबर नाही."

"क्रमांकाशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नाही," अध्यक्ष म्हणाले. बिस्कीटवाले खासदार घड्याळ पाहू लागले. तीन वर्षांची सगळी धडपड एका आकड्यापायी वाया जाणार, असं वाटून मुग्धा रडायच्या बेतात होती.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आईने सात आकडे म्हटले, न अडखळता, पाढा म्हणावा तसे.

मुग्धाचा जीव भांड्यात पडला. आईने निदान नंबर तरी पाठ ठेवला होता. सकाळी आपण बोललो त्याची तिला लाज वाटली.

अन्वरने पाकीट फोडलं. आतला कागद पाहिला, त्याला लावलेला फोटो पाहिला. "जुळतंय, सर."

"ठीक," अध्यक्ष म्हणाले. "आता अधिकाऱ्याने स्वतःला काय त्रास होतो, तो सांगावा."

मुग्धाने पहिलं कार्ड बाबांच्या हातात दिलं. अन्वरने सुजीतच्या पुढ्यातला माइक उचलला आणि मागे नेऊन विभावरीसमोर ठेवला.

"काही नाही," आई म्हणाली. "त्या दुपारी माझ्या खुर्चीत मी नव्हते."