पायाळू

"मणक्यांमधल्या गाद्या वयानं सुकल्यात, मावशी," डॉक्टरीणबाई एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून म्हणाल्या. "त्या पूर्ववत होणार नाहीत. पण रोज व्यायाम केलात, तर दुखणं आटोक्यात राहील."

शेजारी बसलेल्या माझ्या लेकीकडे, वैजूकडे, बघून मला हसूच आलं. मी पायाळू, जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. लहानपणी अख्ख्या गल्लीची उसण माझ्या पायानं उतरायची. हातावर गूळ-शेंगदाणे मिळायचे. आणि आता माझीच पाठ धरली! डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं सांगितलं.

"उसण दोन-चार दिवसांत आपोआपच जाते," त्या म्हणाल्या.

मी तडकले. "आणि आमचे दादा, माझे वडील? सांगलीत हळदीची पोती वाहायचे. माझं लग्न होईपर्यंत दर रविवारी ओट्यावर पालथे पडायचे. त्या पिवळ्या पाठीला मी तीनदा पाय लावला, की ताठ उठून म्हणायचे, 'गेली बघ!'"

"इतकी वर्षं, दर रविवारी? मग ती उसण नव्हती, मावशी. त्यांच्याही गाद्याच झिजल्या असणार."

रिक्षात मी दादांचे ते रविवार मोजत राहिले.

घरी वैजूनं मला पालथं निजवून व्यायाम करून घेतला. मग काय मनात आलं कोण जाणे, पायाळू नसूनही तिनं मला वाकून नमस्कार केला आणि अलगद तीनदा माझ्या पाठीला पाय लावला.

"गेली का गं, आई?"

उठताना कळ थेट टाचेपर्यंत उतरली. तरी मी ताठ उठले.

"गेली बघ!"