तेलासकट परत

टंचाईचं कारण सांगून सरकारनं शेंद्र्याचा डिझेल डेपो ताब्यात घेतला, तेव्हा मालक इंद्रजीतनं मुकाट्यानं फाटक उघडलं. "सरकारशी तुमचा करार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. टंचाई सरली की डेपो तेलासकट परत," ताबा घ्यायला आलेले साहेब हसून म्हणाले. हे गोड बोलणं इंद्रजीतच्या गळी उतरेना. टाकीत बुडवून तेल मापायची पितळी पट्टी त्यानं पुढं केली. "आत लई तेल हाय, साहेब. आधी मापून तर घ्या." "राहू द्या हो! आपल्यात कसला आलाय हिशोब?" साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला अन् दुसऱ्या हातानं टाकीला कुलूप घालायला खुणावलं. इंद्रजीतला शेजारची भागूबाई आठवली. उसनं पीठ नेताना ती वाटी सपाट करून, दाखवून न्यायची. कारण ते परत करायचं असायचं. त्याच्या हातातली पट्टी कोरडीठाक होती.