लाल की हिरवी

"तिला विचार, लाल की हिरवी? विचार ना! पुरावा समोर बसलाय," व्हर्जिल टॅकेट म्हणाला.

डॉक्टर बाकांनी विचारलं नाही. समोर बसलेल्या त्याच्या बायकोच्या, ओपलच्या ताटलीत हिरव्या मिरचीचा रस्सा होता, हे दिसतच होतं.

"माझ्या बायकोनं तीस वर्षं लाल खाल्ली. अकरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती मेंढ्या बघायला माळावर गेली आणि परत आली ती ही बया. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात बघून हिनं हिरवी वाढून घेतली!"

"काका, वयानं चव बदलते."

"न्यू मेक्सिकोतला माणूस बायको बदलेल, देव बदलेल, पण मिरची बदलायचा नाही. तुझी आई बदलेल?"

डॉक्टरांची आई मेली असती, पण तिनं हिरवीला हात लावला नसता.

खरं तर व्हर्जिलवर ही वेळ यावी हीच नवलाची गोष्ट होती. सगळं गाव उडत्या तबकड्यांवर पोट भरायचं. पेट्रोल पंपावर मोठ्या डोळ्यांचा हिरवा पुतळा, बेकरीत हिरवे पाव, जुलैच्या जत्रेत तर कुत्र्यांच्या डोक्यावरसुद्धा शिंगं. त्या गावात न मानणारा एकच माणूस होता आणि तो म्हणजे व्हर्जिल. हवाई दलात बावीस वर्षं रडारसमोर बसलेला. कोणी आभाळाकडे बोट दाखवलं की तो मान वर न करता म्हणायचा, "हवामानाचा फुगा." पोरं त्याला फुगेकाका म्हणत. मानणारे सगळे शहाणे राहिले आणि न मानणाऱ्याचं डोकं फिरलं, असं आता गावात बोललं जायचं.

"दहा वर्षं मी स्वतःलाच वेड्यात काढलं, पोरा," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हटलं, फुगाच असणार."

डॉक्टरांनी त्याचा रक्तदाब मोजला. जरा जास्त होता. मग त्यांनी ओपलच्या दंडाला पट्टा बांधला. यंत्र घरघरलं आणि नुसती एक रेघ दाखवून गप्प झालं. डॉक्टरांनी त्याला दोन थपडा मारल्या.

"बॅटरी गेली वाटतं. काकू, बाहेर येता जरा?"

उठता उठता त्यांना चुलीवर लहानसं पातेलं दिसलं. "लाल कोणासाठी?"

"आहे एकीसाठी," ओपल म्हणाली.

ओसरीवर ऊन तापलं होतं. डॉक्टरांनी कागद काढले, पण पेन काही उघडेना. लहानपणी ओपल चालवायची त्याच शाळेच्या बसमधून ते जायचे. रविवारी व्हर्जिलनं तिच्यावर बंदूक रोखून "ओपल कुठंय?" असं विचारलं होतं आणि शेजारणीनं शेरीफला फोन केला होता. आता सही झाली की दुपारी गाडी येणार आणि व्हर्जिल शहरातल्या वेड्यांच्या कुलूपबंद वॉर्डात जाणार. तिथून कोणी परत येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्याची कॉफी, त्याचे गुडघे, त्याचं घोरणं, एवढंच ओपलचं जग होतं.

"सही करू नकोस," ती म्हणाली. "त्याला वेड लागलेलं नाही. मी ओपल नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"त्या संध्याकाळी तिला साप चावला. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. मरताना म्हणाली, व्हर्जिलला एकटं सोडू नको. म्हणून मी तिचं रूप घेतलं, ते आता उतरत नाही. मिरचीची चूक झाली. कसं खायचं ते मी त्याच्याकडे बघून शिकले."

"मग तुम्ही कुठल्या, काकू?"

ओपलनं बोट वर केलं.

डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "माझ्या आजीनंही आजोबांसाठी असंच केलं होतं. ते म्हणायचे युद्ध चालू आहे, तर ती म्हणायची, हो चालू आहे. माणूस प्रेमापोटी काय काय बोलतो! पण काकू, उद्या त्यांनी चाप ओढला तर?"

"ते यंत्र पुन्हा लाव. दुसरं आण हवं तर. माझी नाडी बघ!"

"तुम्ही दमलाय. झोपेची गोळी लिहून देतो."

दाखवण्यासारखं आणखी एकच होतं, पण ते दाखवलं असतं तर खुनाचा आळ व्हर्जिलवरच आला असता. डॉक्टरांनी सही केली.

गाडी तीन वाजता आली. व्हर्जिल भांडेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तो मुकाट चढला. दार लागायच्या आधी त्यानं तिला जवळ बोलावलं.

"तू वाईट नाहीस," तो कानाशी म्हणाला. "माझं सगळं केलंस. फक्त ती कुठंय, तेवढं सांग."

गाडीवाली माणसं खोळंबली होती. ओपलनं त्याचा हात घट्ट धरला. मग कोणीतरी तो हात अलगद सोडवला.

धूळ खाली बसेपर्यंत ती फाटकात उभी राहिली. मग घरात येऊन तिनं पातेल्यातला लाल रस्सा वाटीत ओतला, वर टॉर्टियाची पोळी झाकली आणि पवनचक्की ओलांडून माळावरच्या एकुलत्या झाडाकडे चालू लागली. झाडाखाली दगडांचा एक लांबट ढीग होता. कालची रिकामी वाटी उचलून तिनं तिथे आजची ठेवली.

"ओपल, व्हर्जिलला घेऊन गेले गं," ती म्हणाली. "मी खरं सांगितलं, तरी नेलं."

तिनं मान वर केली. आभाळ अकरा वर्षं होतं तसंच रिकामं होतं.

"आणि मला न्यायला अजून कोणी येत नाही."