सोलरचा पाइप

"ती दोरी नको," वत्सलाबाई म्हणाल्या.

गच्चीवर सगळेच थबकले. एरवी त्या जिना चढत नसत. आज कठड्याला धरून उभ्या होत्या आणि धापा टाकत होत्या.

नाशकात थंडी वाढली होती. सोलरचं पाणी दोन मजले उतरून खालच्या न्हाणीत येईपर्यंत कोमट व्हायचं. वत्सलाबाईंच्या छातीत पाणी झालं होतं. ते काढलं तरी पुन्हा भरायचं. अंगावर जरा गार पाणी पडलं की त्यांचा श्वास अडकायचा. म्हणून पाइपाला आवरण घालायचं ठरलं होतं.

प्लंबर सोमनाथने काळ्या फोमच्या नळ्यांचा नमुना आणला होता. तो बघून वत्सलाबाईंचे यजमान भिकनतात्या खाली गेले आणि माळ्यावरची एक गोणी घेऊन आले. कारखान्यातल्या नोकरीतून निवृत्त होताना त्यांनी ती घरी आणली होती. आत अ‍ॅस्बेस्टॉसची जाड दोरी होती. गोणीची शिवण अजून उसवलेली नव्हती.

"तात्या, ही आता कोणी वापरत नाही," सोमनाथ म्हणाला. "छातीला वाईट असते म्हणतात."

"उभी हयात वाफेचे पाइप हिनंच गुंडाळले मी. मला साधा खोकला नाय." तात्यांनी छातीवर हात ठेवला. "फोम उन्हात फाटतो. ही जन्मभर हलत नाय. आणि हे काम मी माझ्या हातानं करणार. तिला कढत पाणी मिळालं पाहिजे."

बायकोच्या दुखण्यात त्यांना करता येण्यासारखं एवढंच होतं. डॉक्टरांच्या खोलीत ते नुसते बसून राहत. त्यांना तिथलं काही कळत नसे. पाइप मात्र कळत होता. सकाळपासून ते कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने बोलत होते.

आणि तेवढ्यात वत्सलाबाई वर आल्या होत्या.

"अगं, पण का नको?" तात्यांनी विचारलं.

"फोमच लावा. ती गोणी उघडू नका."

तात्यांच्या कामात त्या कधी बोलल्या नव्हत्या. तात्यांनी गोणी कोपऱ्यात सरकवली. "तुझ्यासाठीच करत होतो," एवढं म्हणून ते सोमनाथबरोबर दुकानात जायला निघाले. जिना उतरताना ते एकाएकी फार म्हातारे दिसले.

सून हर्षाली वाळलेले कपडे काढत होती. तिला राहवलं नाही.

"आई, त्यांना किती लागलं ते. तेवढंच तर करायचं होतं त्यांना तुमच्यासाठी. उद्या मी समजावून सांगितलं असतं, आज निदान हो म्हणायचं."

वत्सलाबाई पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर टेकल्या. धाप कमी होईपर्यंत थांबल्या.

"परवा तू औषधं आणायला खाली गेलीस ना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही कुठल्या कारखान्यात होता का? म्हटलं, मी कशाला, आमचे हे होते. पाइप गुंडाळायचे. तर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, त्यांचे कपडे घरी कोण धुवायचं?"

हर्षालीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"धुण्याआधी मी ते झटकून घ्यायचे. मोरीत त्या दोरीच्या धुळीनं सगळं पांढरं पांढरं व्हायचं." खाली फाटक वाजलं. तात्यांचा आवाज आला, सोमनाथला ते पाइपाची जाडी समजावून सांगत होते. वत्सलाबाई आवाज लांब जाईपर्यंत थांबल्या.

"त्यांना कळू देऊ नकोस. मी गेल्यावरसुद्धा."