दोनच माणसांची गाडी

सकाळपासून सुरेशचंद आपल्या नव्या गाडीत बसून होता, आणि दुपार कलली तरी ज्या माणसासाठी ती घेतली, ते माणूस काही तिच्यात बसलं नव्हतं.

गाडी नवी म्हणजे त्याला नवी. लाल, बुटकी, बिनछपराची. इंदूरच्या एका जहागीरदाराच्या मुलाने हौस फिटल्यावर विकलेली. जळगावात असली दुसरी नव्हती, आणि का नव्हती ते सुरेशचंदला अर्ध्या दिवसात कळून चुकलं. बसलं की बूड थेट रस्त्याला टेकल्यासारखं वाटायचं. शेजारून बैलगाडी गेली की तिचं चाक डोक्याच्याही वर. खड्डा लागला की पाठीचा मणका न् मणका ओळख द्यायचा. धुळीचं तर विचारूच नका. डाळ मिलचा मालक तो, पण आज पिठाच्या गिरणीतून बाहेर आल्यासारखा दिसत होता. वर ही बया एकदा बंद पडली की ढकलल्याशिवाय हलायची नाही. मिलमधला हमाल मगन ढकलून ढकलून दमला आणि न राहवून म्हणाला, "सेठ, बठ्ठी गाडी नई भेटनी का? अर्धीच लई उनात!"

अख्खी नकोच होती, अर्धीच हवी होती, हे मगनला काय सांगणार? घरात अ‍ॅम्बॅसेडर होतीच. तिच्यात पुढे पुरुष, मागे बायका, आणि त्यांच्यात चेपून त्याची बायको चंदनबाई, तोंडावर पदर ओढलेला, मांडीवर कुणाचं तरी पोर. लग्नात पाटावर शेजारी बसली होती तेवढीच. पुढे सासूसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, रस्त्याने त्याच्या मागून चालायचं, यातच सगळी वर्षं गेली. म्हणून त्याने ही गाडी हेरली. हिला मागची सीटच नाही. बसली तर शेजारीच बसेल. पन्नाशीला टेकलेल्या माणसाची ही अक्कल. हसायचं तर हसा.

पण भरल्या घरात असं सरळ काही होतं का? आधी माँसा बसल्या, मांडीवर नारळ घेऊन. आई म्हणून पहिला मान त्यांचा. त्यांना वर काढायला दोन सुना लागल्या. मग काकांनी फेरी मारली, मग मुनीम भंवरलालने, मग शेजारच्या रतिलालने. रतिलाल बाजारापर्यंत जाऊन येईस्तोवर एकच विचारत होता, "पेट्रोल किती पिते हो ही?" चंदनबाई दारातून बघायची आणि आलेल्यांच्या चहासाठी पुन्हा आत जायची. सुरेशचंदचे खांदे भरून आले. हौस म्हणतात ती हीच असेल तर नको रे बाबा, असं त्याला होऊन गेलं.

शेवटी माँसाच म्हणाल्या, "पाळधीला महाराजसाहेब उतरलेत. नव्या गाडीचं मांगलिक जोड्यानं ऐकावं. मोठ्या सूनबाईला घेऊन जा. पण दिवस मावळायच्या आत परत या. सगळ्यांची जेवणं व्हायचीत."

जे जन्मभर अनवाणी चालतात, चाकावर कधी बसत नाहीत, त्या जैन साधूंकडून गाडीसाठी मंगलपाठ ऐकायचा! पण सुरेशचंद कशाला वाद घालतोय? त्याने मगनला हाक मारली.

चंदनबाई सवयीने गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"कुठं बसू?"

"दुसरी जागा आहे कुठं?" तो म्हणाला.

ती बसली. बोटांना कणीक तशीच होती. हनुवटीपर्यंत पदर ओढून तिने सगळा बाजार पार केला. पिंप्राळा मागे पडलं, रस्त्याला शेतं लागली, तसा तो म्हणाला, "आता कुणी नाही. घे पदर वर."

तिने घेतला. वाऱ्याने तो डोक्यावरून पार खांद्यावर नेला. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. कधी झाले, त्याला माहीत नव्हतं. बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं एवढंच, "कशी वाटते गाडी?"

लाजली असेल, म्हणून त्याने इंजिनाच्या वर आवाज चढवून पुन्हा विचारलं आणि वळून पाहिलं. चंदनबाई गाढ झोपली होती. तोंड जरा उघडं, डोकं दारावर. खड्ड्याखड्ड्याला ते आपटत होतं, पण तिला पत्ता नव्हता.

त्याला रागच आला. एवढा खटाटोप केला तो हिने झोपायला?

आणि मग त्याच्या ध्यानात आलं की तिला झोपलेलं तो पहिल्यांदाच बघतोय. रात्री त्याला झोप लागल्यावर ती खोलीत यायची, पहाटे तो उठायच्या आधी गेलेली असायची. त्याने गळ्यातलं उपरणं काढलं आणि एका हाताने तिच्या डोक्याखाली सारलं.

पाळधी आली. साधू उतरले होते त्या स्थानकाच्या दारात पांढऱ्या कपड्यातली माणसं उभी होती. थांबायचं तर इंजिन बंद करावं लागणार, मग ढकलायला चार माणसं, आरडाओरडा, आणि ही जागी होणार. सुरेशचंदने गाडी हळू केली, स्टिअरिंगवरचे हात सोडून घाईघाईने जोडले आणि तसाच पुढे निघाला. समोर सूर्य खाली आला होता. घरी माँसा दाराकडे बघत असतील. आज दुसऱ्या सुनेच्या हातचे फुलके खातील, काय बिघडलं?

एरंडोलच्या पुढे मोठा खड्डा आला. चंदनबाई दचकून जागी झाली आणि डोळे उघडायच्या आधी तिने पदर हनुवटीपर्यंत ओढला.

"घर आलं का?"

"नाही."

"लांब आहे?"

"पुष्कळ लांब आहे."

तिने पदर सोडून दिला. पाय वर ओढून घेतले.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि कूस बदलून पुन्हा झोपली.