दार लावल्यानंतर

“कॅप्टन, इथे तुम्ही आधी मागे वळून बघता, मग दार लावता,” विश्रामकाकांनी टोकलं.

मिरजेत कुंदाताईंच्या हॉलमध्ये ‘अगस्ती’ या अंतराळयानाच्या मालिकेचा शेवटचा भाग पुन्हा लावला होता. जमलेल्या सगळ्यांना मालिका तोंडपाठ होती. एक शब्द इकडचा तिकडे झाला की विश्रामकाका हटकायचेच. जुन्या कॅसेटवर ते ऐकायला कोणी नव्हतं. या नव्या, चित्र खोलीतच उभं करणाऱ्या संचातला कॅप्टन मात्र दिवाण आणि टीपॉयच्या मधे उभा असायचा, सगळं ऐकायचा, आणि मागच्या वेळचंही त्याच्या लक्षात राहायचं.

या भागात त्याचं काम ठरलेलं: यान वाचवण्यासाठी हवा गळणाऱ्या खोलीत शिरायचं, आतून दार लावायचं आणि गुदमरून मरायचं. आज तो दाराशी गेलाच नाही. दिवाणावर टेकला.

“दमलो हो,” तो म्हणाला. “मरण्याचं काही नाही, सवय झालीय. पण मी दार लावल्यावर ती माणसं घरी पोहोचतात का? मला कधी कळतच नाही.”

मालिका त्या दारापाशीच बंद पडली होती. पुढचा भाग कधी निघालाच नव्हता.

कुंदाताईंनी चष्मा पुसला. “पोहोचतात की. सगळी. धाकट्या इंजिनिअरला तर न्यायला त्याची आई येते.”

“आई नव्हे, मोठी बहीण,” विश्रामकाकांनी टोकलं.

तेव्हा कुठे कॅप्टनला खरं वाटलं. तो उठला. त्याने आधी मागे वळून बघितलं, मग दार लावलं.