बोट न लावता

"हात मागे!" मानासे ओरडले, तशी लुपे जागच्या जागी थबकली. तिचा हात बापाच्या गालापासून वीतभर अंतरावर पोचला होता. सवयीचा हात! दिवसभर परक्या पुरुषांच्या हनुवट्या धरून इकडे तिकडे वळवणारा. पण इथे टोंगा बेटांवर लेकरानं बापाच्या डोक्याला शिवायचं नसतं, आणि तोंड काही डोक्याला सोडून नसतं.

"चुकले, बाबा," ती म्हणाली. "पण रेझर असा आडवा ओढलात तर गाल कापेल."

"कापू दे. माझा आहे."

म्हातारा हट्टी खरा. पक्षाघाताच्या झटक्यानं उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून चर्चमध्ये प्रवचनाला उभे राहिले नव्हते. उद्या रविवारी त्यांची पाळी होती. गेल्या खेपेला त्यांनी डाव्या हातानं दुकानातल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या रेझरनं तोंड असं खरवडलं, की मानेवर पुटकुळ्यांचं पीक आलं आणि ते लाजेनं घरीच बसले. प्रवचन चर्चमधल्याच सेमिसीनं केलं. उद्याही त्यानंच केलं, तर मग कायमचं तोच करणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. त्यात रविवार देवाचा, त्या दिवशी या घरात दाढी होत नाही, त्यामुळे जे काय व्हायचं ते आजच.

आईनं 'मी करून देऊ का?' म्हणून विचारून पाहिलं होतं. "दुसऱ्याच्या हातची दाढी माणूस मेल्यावर," असं उत्तर मिळालं.

"मग माझ्या दुकानात येतात ती काय मढी असतात?" लुपेच्या तोंडून गेलंच. मानासेंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिच्या दुकानाचा विषय निघाला की ते असंच करत. गावात कोणी विचारलं तर सांगत, 'पोरगी शहरात कामाला आहे.' कसलं काम, ते पुढे कधी यायचं नाही.

तिनं पात्यांची दोन पाकिटं त्यांच्यासमोर सरकवली. "हे पातं फार धारदार आहे. मुरलेल्या हाताला ठीक. तुम्ही हे दुसरं घ्या, सौम्य आहे."

"पोराटोरांचं पातं देतेस होय मला?"

"तुमचा डावा हात पोरच आहे अजून. काल जन्मलाय."

आत चुलीपाशी आई फिस्सकन हसली. मानासेंनी डोळे वटारले, पण उचललं ते सौम्य पातंच. गरम पाण्यातला टॉवेल स्वतःच तोंडावर दाबून धरला. फेस स्वतःच फासला. मग रेझर गालाला टेकवला आणि हात थरथरू लागला. आरशात बघावं तर डावं-उजवं उलटंपालटं होई. रेझर खाली गेला. पुन्हा वर आला.

लुपेला बघवेना. दोन पावलांवर बाप, हातात सगळी कला, आणि उपयोग शून्य!

तिनं ब्रश उचलला आणि स्वतःच्या तोंडाला फेस फासला. गाल, हनुवटी, गळा, सगळीकडे. आपल्या पिशवीतला दुसरा रेझर काढला, त्यात पातं न घालताच, आणि बापासमोर मांडी घालून बसली.

"आरसा ठेवा बाजूला. माझ्याकडे बघा. मी करते तसं करा. दाबायचं नाही, रेझरच्या वजनानंच खाली येऊ द्या."

तिचा उजवा हात, त्यांचा डावा. ती खाली आली, ते खाली आले. ती थांबून रेझर धूत होती, तेही धूत होते. गळ्यापाशी आल्यावर तिनं नकारार्थी मान हलवली. "इथले केस वळून परत कातडीत शिरतात. केस वाढतात त्याच बाजूनं, एकदाच. उलटा फिरवायचा नाही."

"खुंट राहतील. लोक काय म्हणतील?"

"लोक बाकावरून बघतात, बाबा. गालाला गाल लावून नाही."

मानासेंचा हात आता थरथरत नव्हता. केवढा माणूस, आणि लेकीसमोर पहिल्यापासून शिकत होता! लुपेला त्यांचा अभिमान वाटला. शेवटी त्यांनी गार पाण्यानं तोंड धुतलं, खोबरेल चोळलं. कुठे रक्त नाही, कुठे लाली नाही.

तेवढ्यात दारात सेमिसी उभा. उद्याचं विचारायलाच आला होता. लुपेचं फेसानं पांढरं झालेलं तोंड बघून त्याला हसू आवरेना. "अरे देवा! मानासे, तुझ्या पोरीला दाढी फुटली की रे!"

मग त्याची नजर मानासेंच्या गुळगुळीत गालांवर गेली, तिथून त्यांच्या लुळ्या हाताकडे आणि मग लुपेच्या हातातल्या रेझरकडे. हसू मावळलं. "तुझी कोणी केली?" त्यानं हळूच विचारलं.

लुपेनं हात पाठीमागे नेले.

"हिनं," मानासे म्हणाले. "बोट न लावता. आहे तुमच्यात कोणी असं?"

सेमिसीनं विचारलं, "म्हणजे उद्या..."

"उद्या मी उभा राहणार. तू पुढच्या बाकावर बस. आणि सोमवारी शहरात हिच्या दुकानात जा, बाजारासमोरच आहे. काय अवतार करून घेतलायस तोंडाचा!" मग शेजारच्या आवारापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "दाढ्या करते माझी लेक!"

लुपेच्या तोंडावरचा फेस सुकून खाजायला लागला होता. तिनं तो पुसला नाही.